हिरव्या दोऱ्याची किल्ली

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठमे,

'चिरंजीव' वगैरे काही लिहीत नाही. माझा राग अजून गेलेला नाही. तुझाही गेला नसेल. रागाच्या बाबतीत तू माझ्यावर गेली आहेस, वडिलांवर गेली असतीस तर दोघींचं भलं झालं असतं. चार वर्षांत एक कार्ड पाठवलंस. त्यात काय, तर पत्ता आणि 'मी बरी आहे'. मी उत्तर दिलं नाही. आता देतेय, तर उगाच भाव खाऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

आपली इमारत पाडणार आहेत. अख्खी गल्लीच जाणार. शहराच्या मध्यापासून आपण चालत वीस मिनिटांवर, पण इतकी वर्षं आपल्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही. आता म्हणे हीच जागा हवी सगळ्यांना. बस डेपो होता ना, तिथे काचेचा टॉवर झालाय. सकाळी अकराला त्याच्यावरून ऊन उलटं येतं आणि थेट माझ्या मशीनवर पडतं. कापडाचा रंग खरा दिसावा म्हणून मी मशीन उत्तरेच्या खिडकीत ठेवली होती. आता अकरा ते साडेबारा काळं कोणतं आणि निळं कोणतं ते कळत नाही. परवा एकाच्या काळ्या पँटला निळी टीप मारून ठेवली. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं गं.

चौदा घरांपैकी आठ रिकामी झाली. घर रिकामं झालं की दुसऱ्या दिवशी माणसं येऊन त्याचं दार उचकटून नेतात. जिन्यातून वर जाताना आत सगळं दिसतं: कुणाचं कॅलेंडर, कुणाचा मोरीतला मग. आठ उघड्या तोंडांसमोरून जावं लागतं म्हणून मी वरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणं सोडलं.

माझी खिळ्यांची फळी मात्र अजून जागच्या जागी आहे. लोक गेले तरी माझ्याकडे ठेवलेल्या जादा किल्ल्या कुणी मागितल्या नाहीत, मीही दिल्या नाहीत. प्रत्येक किल्लीला त्या त्या घराचा दोरा आहे. नावं नाहीत, नंबर नाहीत, चोराला कळू नये म्हणून. कुठला रंग कुणाचा ते तुला आणि मलाच माहीत. जांभळा कुणाचा? तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचा. तूच निवडला होतास, सात वर्षांची असताना.

इमारत पाडणाऱ्या कंपनीतर्फे एक साहेब येतात. सगळे त्यांना फायलीवाले म्हणतात, कारण फाइल हातातून कधी खाली ठेवत नाहीत. पहिल्यांदा आले ते कोटाच्या बाह्या अर्ध्या इंचाने कमी करून घ्यायला. मी मापं घेत होते, ते विचारत होते, मुलगी कुठे असते, काय करते. मला बोलायला कुणी नाही, बोलले. फार सभ्य माणूस आहे. 'काकू' म्हणतात. कोपऱ्यावरची टपालपेटी उखडून नेली आणि आपला पोस्टमन तर दाराला नंबर नाही म्हणून परत जातो. तर पत्रं मीच नेत जाईन, आमचं ऑफिस तुमच्या मुलीच्या शहरातही आहे, हातोहात पोचेल, असं ते स्वतःहून म्हणाले. हे पत्र त्यांच्याकडेच देणार आहे.

घर आपल्या दोघींच्या नावावर आहे हे विसरली नसशील. तुझ्या वडिलांनी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम. तुझ्या सहीशिवाय काही होत नाही. सही कर किंवा करू नको असं मी म्हणत नाही. ये आणि एकदा बघ. तुझा निळा कोट अजून खुंटीवर आहे. तो घेऊन जायला तरी ये.

आई


१९ फेब्रुवारी, गुरुवार

ठमे,

पत्र मिळालं का? फायलीवाले म्हणतात, मिळालं, तू वाचलंस आणि काही बोलली नाहीस. अगदी तुझंच वागणं.

इथे वाईट झालं. मास्तर पडले.

सोमवारी दुपारी मी मशीनवर बसले होते, तर छतातून थेंब. मग धार. जिन्यात जाऊन बघते तो तिसऱ्या मजल्यापासून पाणी पायऱ्यांवरून खाली येतंय. मास्तरांच्या मोरीतला पाइप सांध्यातून निघाला होता. मास्तर वाचनालयातून परत येत होते, घरातून पाणी आलेलं बघितलं आणि धावले. बहात्तर वर्षांचा माणूस, ओल्या जिन्यावर, आणि जिन्यातले दिवे तर महिन्यापूर्वीच काढून नेलेत. दुसऱ्या वळणावरून खाली आले. माझ्या दारासमोर पडले होते गं. चष्मा तुटला नव्हता, तो हातात धरून मला म्हणाले, "पुस्तकं बघ आधी, वरची पुस्तकं." खुब्याचं हाड मोडलंय. हॉस्पिटलात आहेत.

पुस्तकांचं काय सांगू. तुला भूगोल शिकवायचे तो मोठा नकाशांचा ग्रंथ आठवतो? फुगून उशीएवढा झाला.

पाइप आपोआप कसा निघाला ते देवाला ठाऊक. जुनी इमारत आहे, काहीही होऊ शकतं. फायलीवाले लगेच आले, फार हळहळले, ॲम्ब्युलन्स त्यांनीच बोलावली. जाताना म्हणाले, "म्हणून तर आम्ही सांगतो काकू, ही जागा राहण्यालायक राहिलेली नाही." मास्तर सही देत नव्हते हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. "माझी खुर्ची, माझं टेबल आणि मी, तिघं एकदमच बाहेर पडू," म्हणायचे.

समोरची लाँड्रीवाली मावशी पण गेली काल. जाताना आत आली, चहा घेतला, आणि सारखी फळीकडे बघत होती. मग म्हणाली, "मास्तरांची किल्ली तुझ्याकडेच असते ना गं?" मी म्हटलं, "असते, बघ ना, जांभळा दोरा, खिळ्यावरच आहे." तिने कप खाली ठेवला. मला तिचं ते बघणं अजिबात आवडलं नाही. पंचवीस वर्षांची मैत्री, आणि जाताना असं बघायचं?

आता इमारतीत तिघंच उरलो आहोत. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं, आणि मी. दुपारी दोनला मशीन थांबवली की काहीच ऐकू येत नाही. पूर्वी त्या वेळेला लाँड्रीची वाफ, पोरांची रडारड, कुणाचा रेडिओ, नुसता कलकलाट असायचा आणि मी ओरडायचे, जरा गप्प बसा! बसले गप्प.

एक ओळ तरी लिही.

आई


६ मार्च, शुक्रवार

माझी ठमी,

तुझं पत्र आलं! फायलीवाल्यांनी हातात ठेवलं तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या, एक गिळलीच असती. वीस वेळा वाचलं. टाइप केलेलं आहे म्हणून आधी जरा हिरमुसले, मग ते म्हणाले, "काकू, हल्ली ऑफिसातल्या मुली हाताने लिहितात कुठे?" खरंय. तू पूर्वीही आळशीच होतीस.

'आई, जे झालं ते झालं, मी परत यायला तयार आहे.' एवढं एकच वाक्य असतं तरी पुरलं असतं मला. मी मेले नाही अजून, वेडे, पण ते वाचून मेल्यासारखी रडले. नव्या इमारतीत खाली आपल्याला दुकान मिळणार, काचेचं दार, वर पाटीवर तुझं नाव, हे तुलाही सांगितलं म्हणायचं त्यांनी. मला गेल्या महिन्यातच सांगितलं होतं. मी तुला लिहिलं नव्हतं, म्हटलं आधी ठरू दे.

आता माझं ऐक. या पाकिटात घराची किल्ली आहे. तुझीच. तू जाताना मशीनवर ठेवून गेलीस ती. ठेवून गेलीस असं तरी कशाला म्हणू, मीच म्हणाले होते, 'जायचंच असेल तर किल्ली ठेव आणि जा.' मला वाटलं होतं, किल्ली म्हटल्यावर थांबशील. तू ठेवलीस आणि दार असं आपटलंस की आतली कडी वाकडी झाली. ती कडी अजून बसत नाही. सुतार दोनदा म्हणाला बदलून देतो, मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते मला विचारू नकोस.

तर किल्ली पाठवतेय. पाकिटात खुळखुळू नये म्हणून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हिरव्या दोऱ्यानं टाचली आहे. मी घरात असेन नसेन, झोपलेली असेन, तू सरळ दार उघडून आत यायचं. वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. आपल्या घरात माणूस जसा येतो तसं यायचं.

मास्तरांची तब्येत तशीच. भेटायला अजून जमलं नाही, कामं फार आहेत. (कामं काही नाहीत. गिऱ्हाईक उरलंय कुठे?) आणि हो, लाँड्रीवालीच्या त्या बघण्यावरून आठवलं. मास्तरांची किल्ली मी एकदा फायलीवाल्यांना दिली होती, पाइप तपासायचे होते म्हणून. एकदाच. अर्ध्या तासात परत आणून खिळ्याला लावली त्यांनी. पाइप तपासायलाच कुणी येतं ना, म्हणजे ते चांगल्यासाठीच. यात काही नाही, उगाच सांगितलं.

कधी येतेस ते कळव. खोली आवरून ठेवते.

तुझी आई


१४ मार्च, शनिवार

ठमे,

आज मास्तरांना भेटून आले.

वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, खाटा सोळा, त्यांची खिडकीजवळची. किती बारीक झालेत! मी माणूस बघितला की आधी माप घेते, सवय आहे. छत्तीसचा शर्ट त्यांना आता पिशवीसारखा होईल. उशीशेजारी एक भिजून वाळलेलं पुस्तक होतं, पानं एकमेकांना चिकटलेली. नर्सकडून सुरी मागून घेतात आणि रोज चारपाच पानं सोडवतात म्हणे.

मी संत्री सोलत होते, तर म्हणाले, "मी पाइपचा विचार करतोय. मागच्या वर्षीच नवीन बसवला होता. सांधा पान्यानेच सुटतो. म्हणजे कुणीतरी आत गेलं होतं." मग स्वतःच म्हणाले, "पण नाही. किल्ली एक माझ्या खिशात आणि दुसरी तुझ्या फळीवर. तुझ्या फळीवर म्हणजे तिजोरीत. तेव्हा कुणी आत जाणं शक्यच नाही. माझाच काहीतरी भ्रम."

मी म्हटलं, "हो."

एवढंच म्हटलं. संत्र्याच्या बिया काढत बसले. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं त्या माणसाने, तो स्वतःला खोटं ठरवत होता आणि मी बिया काढत होते.

मग विषय बदलायला म्हणून मी तुझं पत्र दाखवलं. मुद्दाम पर्समध्ये घेऊन गेले होते, खाली टाइप केलेलं तुझं नाव दाखवायला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मागे उलटून बघितलं आणि म्हणाले, "पाकीट कुठंय? तिकीट, शिक्का?" मी म्हटलं, हातोहात आलंय. तर म्हणाले, "तिचं अक्षर कुठंय?" मी चिडलेच. म्हटलं, "मास्तर, तुमची मुलं नाहीत म्हणून तुम्हाला कळत नाही." असं बोलले गं मी त्यांना. त्यांनी पत्र घडी करून परत दिलं. मी तशीच निघून आले.

दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं गेलं. आज त्यांचंही दार काढलं. आता दार असलेली घरं दोनच, मास्तरांचं आणि आपलं. पाणी सकाळी अर्धा तास येतं. खालच्या भिंतीवर कुणीतरी पांढऱ्या रंगाने मोठा बाण काढलाय, आपल्या खिडकीकडे. विचारलं तर फायलीवाले म्हणाले, "मोजणीवाल्यांची खूण आहे काकू, मनाला लावून घेऊ नका."

सही मी केलेली नाही. म्हटलं, मुलगी आली की दोघी मिळून करू. ते हसले. "किती दिवस वाट बघायची ते तुम्ही ठरवा," म्हणाले.

आई


२४ मार्च, मंगळवार

ठमे,

दुसरं पत्र मिळालं. तुला सुट्टी मिळत नाही, मी पुढे होऊन सही करावी, तू तिकडच्या ऑफिसात करशील, असं लिहिलंस. बरं. विचार करते.

एक छोटं काम कर. माझं डोकं हल्ली साथ देत नाही. फळीवरच्या किल्ल्यांचे दोरे जुने झालेत, नवीन बांधायला घेतले, आणि आपल्या घरच्या किल्लीला कोणता रंग असायचा तेच आठवेना. बाकी सगळे आठवतात, आपलाच विसरले! तुझ्या नक्की लक्षात असेल. तेवढं लिही. मग मन शांत होऊन सही करते.

फायलीवाल्यांचा कोट परत आलाय, खिसा उसवला म्हणून. शिवून ठेवलाय. त्यांना त्रास फार देतो आपण.

आई


२ एप्रिल, गुरुवार

ठमे,

मिळालं तुझं उत्तर. 'हिरवा, आई. असं कसं विसरलीस?' बरोबर, हिरवाच. किती गं लक्षात ठेवतेस.

आता माझी खात्री पटली. साहेबांना सांगितलंय, कागद तयार करून आणा. सोमवारी, तेरा तारखेला, सही करू म्हणाले.

तब्येतीला जप.

आई


११ एप्रिल, शनिवार

ठमे, माझे बाई,

हे पत्र तुला निळ्या कोटाच्या अस्तरात सापडलं असेल. शाळेच्या सहलीला जाताना मी तुझ्या कोटात आपला पत्ता शिवायचे, डाव्या बाजूला, तू चिडायचीस, मी काय हरवणार आहे का म्हणून. कोट हातात आल्यावर तू आधी तिथेच चाचपशील, या भरवशावर शिवतेय. नशीब, हे मी आधीच्या एकाही पत्रात लिहिलं नव्हतं.

कोट जड लागला असेल. मी पत्राची कच्ची प्रत आधी वहीत काढते, तुला माहीत आहे, अक्षर सुधारण्यासाठी. ती सगळी पानं फाडून सोबत शिवली आहेत. तारखेप्रमाणे लावलीत. आधी ती वाच, कारण मला आता कळलंय की तुला त्यातलं एकही मिळालेलं नाही. तुला इथलं काहीच माहीत नाही. दोन महिने मी तुझ्याशी बोलत होते आणि ऐकत होता दुसराच.

आपल्या किल्लीला दोरा कधीच नव्हता. फळीवर होत्या त्या लोकांच्या किल्ल्या. आपली एक माझ्या कमरेला, एक तुझ्या गळ्यातल्या साखळीत. दोरा कशाला लागतो? हिरवा दोरा मी पुठ्ठ्याला टाचायला वापरला, हाताशी तोच होता म्हणून. तो बघितलाय फक्त एकाने, ज्याने ते पाकीट उघडलं त्याने. मास्तर 'अक्षर कुठंय' म्हणाले, तेव्हापासून मला झोप नव्हती. म्हणून विचारलं. उत्तर वाचलं आणि मशीनला धरून उभी राहिले. तो समोरच उभा होता, हसत. मी पण हसले. ठमे, मी इतकं चांगलं खोटं हसू शकते हे मला माहीत नव्हतं.

म्हणजे 'मी परत यायला तयार आहे' हेही तू लिहिलं नव्हतंस. ते मला सगळ्यात जास्त लागलं. घराचं, दुकानाचं राहू दे. त्या एका वाक्यावर मी महिनाभर जेवले आहे.

आता दुसरी गोष्ट. ती मी तुझ्यापासून पण लपवली, आणि तुला पत्रं मिळालीच नाहीत तरी लपवली ती लपवलीच. मास्तरांची किल्ली मी एकदा नाही दिली. तीनदा दिली. पहिल्यांदा पाइप तपासायला. दुसऱ्यांदा फोटो काढायला. त्याच दिवशी तो दुकानाबद्दल बोलला, काचेचं दार, तुझं नाव, 'मुलीला परत आणायचं आमच्याकडे लागलं.' आणि तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही. तो सोमवार होता. आत आला, फळीपाशी गेला आणि जांभळ्या दोऱ्याची किल्ली काढली. मला दिसलं. मी पायडल मारत राहिले. मान वर केली नाही. अर्ध्या तासाने किल्ली परत खिळ्याला अडकल्याचा आवाज आला, तेव्हाही नाही. त्याचे बूट वाजत नाहीत, पण किल्ली वाजते. मग छतातून थेंब पडायला लागले.

का नाही मान वर केली? तू येणार होतीस म्हणून. झाकून काय करू, तेच कारण आहे. ते तुझ्यावर ढकलतेय असं समजू नकोस. हात माझे, डोळे माझे, फळी माझी.

काल मास्तरांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. मग बराच वेळ पुस्तकाचं एक पान सोडवत होते, ते फाटलं. "तिजोरी म्हणालो होतो मी," एवढंच म्हणाले. मग नर्सला बोलावून कागद मागवला आणि मला सांगितलं, "लिही. तारखांसकट. लिहून सही कर." लिहिलं. नर्सने साक्षीला सही केली. कागद त्यांच्या उशीखाली आहे. त्याची एक प्रत तुझ्या कोटाच्या उजव्या बाजूला शिवली आहे, ती जपून ठेव. त्यांनी मला माफ केलं नाही. मी मागितलीही नाही माफी, कुठल्या तोंडाने मागू?

आता नीट लक्ष देऊन वाच. तो माणूस तुझ्याकडे पण येईल, नाहीतर येऊनही गेला असेल, माझ्या नावाने टाइप केलेलं पत्र घेऊन. उंची पाच फूट सात, छाती अडतीस, उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली, फाइल त्याच बाजूला धरतो. कोटाच्या आतल्या खिशाला माझी टीप आहे, काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याची. त्या पँटला उन्हात चुकून मारली होती, या वेळी मुद्दाम मारली. तो कोट दिसला तर कशावरही सही करू नकोस. त्याने कितीही 'आई, आई' केलं तरी नाही.

कोट घेऊन येणारा गृहस्थ लांबच्या बसचा ड्रायव्हर आहे. त्याचे युनिफॉर्म मीच शिवते. जीभ जड आहे त्याची, पण माणूस पक्का आहे. आज दुपारी निघेल, उद्या सकाळी तुझ्याकडे पोचेल. त्याला चहा दे.

तू म्हणशील, मग आई, तूच का नाही त्या बसमध्ये बसत? बसले असते गं. पण मी बाहेर पडले की तासाभरात दार निघेल आणि मग उरेल फक्त मास्तरांचं. त्यांच्याशी मी एकदा जशी वागले तेवढं पुरे झालं. पोलीसचौकीत जाऊन आले. तिथला हवालदार म्हणाला, सोमवार उलटू दे, मंगळवारी ये. तर मी इथेच आहे.

सकाळी तो येऊन गेला. शिवलेला कोट घातला, आरशात बघितलं. सोमवारी कागद घेऊन येतो म्हणाला. मी सहज म्हटलं, मुलगी आल्याशिवाय हात उचलत नाही हो माझा. तर म्हणाला, "मग ती पण येईल ना सोमवारी. तिच्याकडे किल्ली आहे. तुम्हाला दार उघडायला उठायलासुद्धा नको, काकू." आणि फळीकडे बघून हसला.

किल्ली त्याच्याकडे आहे, ठमे. मी माझ्या हाताने टाचून दिली. किल्लीवाला मागच्या महिन्यातच गल्ली सोडून गेला, कुलूप बदलायला माणूस नाही. कडी वाकडी आहे, ती तुझ्या रागाची आठवण म्हणून मीच तशी ठेवली. आज मशीन ओढत ओढत दाराशी आणली आहे. लोखंडी आहे, जड आहे, तरी ती काही भिंत नाही. उत्तरेच्या खिडकीत आता जागा रिकामी दिसते.

येऊ नकोस असं मी लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं. तू यावंस असं मला वाटतंय, खूप वाटतंय, आता लपवून काय उपयोग? येशील तर एकटी येऊ नकोस, कुणालातरी बरोबर आण. बसमधून उतरून आधी हॉस्पिटलात जा, मास्तरांना भेट, मग गल्लीत ये.

आणि किल्ली पाठवली त्या पत्रात मी लिहिलं होतं की वाजवू नकोस, हाक मारू नकोस, सरळ आत ये. ते विसर. बाहेर गल्लीत उभी राहा, पांढरा बाण आहे तिथे, आणि शाळेतून यायचीस तशी जोरात हाक मार, सगळी गल्ली डोक्यावर घेऊन. गल्लीत आता त्रासून खिडकी उघडणारं कुणी नाही. मी खिडकीशीच आहे. तुझा आवाज मी शंभरात ओळखीन.

हाक आली तर मशीन मी एकटीने बाजूला ओढीन. पण हाक न येता दारात किल्ली फिरली, तर मी समजेन की ती तू नाहीस.

आई